कुरकुर, गाऱ्हाणं आणि उपकारस्तुती: पोळ्या लाटताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेतल्या आमच्या महिला मंडळातर्फे दर गुरुवारी दवाखान्यांत आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना पोळी-भाजीचे डबे जातात. पोळ्या लाटताना हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी असतात. त्यामुळं रविवारच्या उपासनेनंतर कुणी विचारणार नाही असे प्रश्न तिथं हमखास निघतात. पाळकसाहेबांसमोर संकोच वाटतो म्हणून माझ्याकडं आलेले हे त्यातले काही. मी सेमिनरीत शिकलेली नाही. उत्तर पटलं नाही तर भांडा, फक्त समोर येऊन भांडा.

ख्रिस्ती माणसानं तक्रार करायचीच नाही का?

करायची. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा, तक्रारींना तोटा नाही. तेराव्या स्तोत्रात दावीद देवालाच विचारतो, किती वेळ मला विसरणार? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. विलापगीत नावाचं आख्खं पुस्तक आहे. आणि वधस्तंभावर येशूनं 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं विचारलं, ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलंच वाक्य.

मग प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहितो की जे काही कराल ते कुरकुर न करता करा, त्याचं काय? तर तो कुरकुरीबद्दल बोलतोय. आपल्या मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत ही केवढी सोय आहे बघा. गाऱ्हाणं आपण कुणापुढं तरी मांडतो, त्याला एक ऐकणारा लागतो. कुरकुर मात्र नुसती होत राहते, दाराच्या बिजागरीसारखी. ती कुणाला उद्देशून नसते आणि उत्तर मिळावं अशी तिची अपेक्षाही नसते. उत्तर मिळालं तर उलट पंचाईतच होते, मग करायचं काय?

माझी खूण अगदी साधी आहे. बोलण्याला पत्ता आहे का? देवाला सांगितलंत तर गाऱ्हाणं. ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याला सांगितलंत तर तक्रार. दुरुस्ती ज्याच्या हातात नाही अशा चौथ्या माणसाला पाचव्यांदा सांगितलंत तर कुरकुर. एकदा कुणाजवळ मन मोकळं करणं मी यात धरत नाही, तेवढं माणसाला लागतंच.

जाता जाता, त्याच फिलिप्पैच्या पत्रात पुढं युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांना एकमेकींशी जुळवून घ्या म्हणून नावानिशी विनंती आहे. आमच्या मंडळात ही दोन नावं सगळ्यांना पाठ आहेत. कोण कुणाला युवदीया म्हणते ते मी सांगणार नाही.

वाळवंटातल्या इस्राएल लोकांवर देव एवढा का रागावला? बिचारे उपाशी होते.

मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटून आलेले ते लोक निर्गम सोळामध्ये खरोखर भुकेले होते. तिथंही त्यांची कुरकुरच होती, तरी देव रागावलेला दिसत नाही. त्यानं मान्ना पाठवला, म्हणजे आकाशातून रोजचं अन्न. राग येतो तो पुढं, गणना अकरामध्ये, पोट भरलेलं असताना. तिथली यादी वाचा: मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. मिसरात हे सगळं फुकट मिळायचं म्हणे! विटा थापल्या, पाठीवर फटके बसले, पोरं नदीत टाकली गेली, ते सगळं विसरले आणि लसूण तेवढा लक्षात राहिला. कुरकुरीची ही सवयच आहे, ती मागचं सगळं गोड करून दाखवते. सासरी आल्यावर माझं माहेरही दहा वर्षांत असंच गोड होत गेलं. खरं तर तिथं उन्हाळाभर टँकरच्या रांगेत उभं राहावं लागायचं. जत तालुक्यातलं गाव, अजून काय सांगू.

मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडायचे. विश्वासाचं सगळं दुखणं त्यातच आहे असं मला वाटतं. आपल्याला महिन्याचा किराणा एकदम भरलेला हवा असतो आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण मागतो 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे'. भाकर, आणि तीही आजची. ज्वारी महाग झाली की ही ओळ म्हणताना माझा आवाज जरा बारीक होतो, हे कबूल करते.

'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' म्हणजे पूर आला त्याचेही आभार मानायचे?

हा प्रश्न २०१९ नंतर फार वेळा आला. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ आहे. माझ्या नणंदेचं घर सांगलीत. पाणी ओसरल्यावर आम्ही गेलो तेव्हा भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची सरळ रेघ होती, पट्टीनं ओढल्यासारखी. तिच्याखाली सगळं करडं आणि वरती येशूची तसबीर तशीच स्वच्छ. एक भाऊ म्हणाले, "बघा, तसबिरीला पाणी लागलं नाही, साक्ष आहे!" नणंद म्हणाली, "भाऊ, तसबीर उंच लावलीय म्हणून. फ्रिज खाली होता." आणि खराटा घेऊन कामाला लागली. तिच्या विश्वासात मला काही कमी दिसलं नाही.

थेस्सलनीकाकरांच्या पत्रात 'सर्व स्थितीत' असं आहे, प्रत्येक स्थितीबद्दल असं नाही. पुरात असताना आभार मानता येतात: गच्चीवरून उतरवून घेणाऱ्या बोटवाल्याबद्दल, शाळेतल्या छावणीत मिळालेल्या चहाबद्दल. पुराबद्दल नाही. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर इफिसकरांच्या पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही आहे, आणि ते माझ्या गळी अजून नीट उतरलेलं नाही. ज्यांच्या उतरलंय त्यांनी स्वतःच्या दुःखाबद्दल तसं जरूर म्हणावं. दुसऱ्याच्या घरातला चिखल बघून मात्र म्हणू नये.

याच कृष्णेचं पाणी २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरज स्टेशनातून रेल्वेच्या टाक्यांत भरून लातूरला गेलं होतं. तीन वर्षांनी तीच नदी आमच्या माणसांच्या माळ्यापर्यंत चढली. यातून काय शिकायचं असं मला विचारू नका. मला एवढंच कळतं की एकदा आपण देणारे होतो आणि एकदा घेणारे, आणि घेताना मान खाली घालणं देण्यापेक्षा अवघड जातं.

विश्वास आहे तर मग डॉक्टर, औषधं, विमा कशाला?

हे मिरजेत विचारावं म्हणजे कमालच! इथं १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं राहिलं ते प्रार्थना करणाऱ्या माणसाच्या हातून. सर विल्यम वानलेस कॅनडाचे, प्रेस्बिटेरियन मिशनचे सर्जन. कुष्ठरोग्यांसाठी, क्षयरोग्यांसाठीही सोय झाली; सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीचं नाव आपण रोज घेतो ते त्यांचंच. विश्वास असूनही ते चाकू हातात घेत होते. गोळ्या वेळेवर घ्या.

सेवा करायची इच्छा आहे, पण वेळ नाही आणि पैसाही नाही. काय करू?

मोठं काही करायचं मनात आणू नका. 'आपण एक ट्रस्ट काढू' असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. लेटरहेड छापलं जातं, पुढं काही होत नाही.

आमचा डबा कसा सुरू झाला ते सांगते. मिरजेत निम्मे पेशंट सीमेपलीकडून, कर्नाटकातून येतात. पेशंटला दवाखान्यातलं मिळतं, सोबतच्या माणसाचं काय? तो वडापाववर दिवस काढतो. आमच्यातल्या एकीचे दीर ॲडमिट होते, तिनं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या बायकोला स्वतःच्या डब्यातल्या दोन पोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी चार नेल्या. बस्स, हेच आमचं उद्घाटन. ना फीत कापली, ना नारळ फोडला.

पहिल्या वर्षी मी डबे वाटायला जायची तेव्हा माझ्या मनात आपण फार मोठं काम करतोय असं होतं. एका गुरुवारी एक आजी भेटल्या, फक्त कन्नड बोलणाऱ्या. मी दोनदा भात वाढायला गेले, त्या 'साकु, साकु' म्हणत राहिल्या आणि मी मात्र 'घ्या हो आजी, लाजू नका' म्हणत वाढतच राहिले. साकु म्हणजे पुरे. मला तेवढंही ठाऊक नव्हतं. त्यांनी तो सगळा भात संपवला, माझा मान राखायला. मग नळावर जाऊन डबा घासला, झाकण पदरानं पुसलं, आत मूठभर भाजलेल्या शेंगा घातल्या आणि माझ्या हातात दिला. मी 'नको नको' म्हणाले. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग घेतल्या. कुणी काही दिलं तर घेण्यातही सेवा असते हे मला त्या शेंगांनी शिकवलं. आणि वाढण्याआधी विचारायचं असतं हेही.

आणखी एक. द्यायचं ते स्वतः वापरू असंच द्या. पुराच्या वेळी मदतीच्या गोण्या उघडायला मी बसले होते. एका गोणीत बाह्या उसवलेले शर्ट, एकेकटे मोजे आणि बटणं काढून घेतलेले ब्लाउज निघाले. बटणं काढून! पाठवणाऱ्यानं देवाचे आभारही मानले असतील, कपाट रिकामं झालं म्हणून.

सगळं मीच करते, बाकीच्या बसून असतात. मग कुरकुर होणार नाही तर काय?

मार्थाबाई, या, बसा.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू घरी येतो, मार्था पाहुणचारात राबते आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते. ही गोष्ट आपण नेहमी मार्थावर अन्याय करून सांगतो. ती स्वयंपाक करत होती म्हणून येशू तिला बोलला नाही. तेरा माणसं घरी आल्यावर कुणीतरी चूल पेटवायलाच हवी. तो म्हणतो, तू काळजी आणि दगदग करतेस. आणि तिनं केलं काय? बहीण चार हातांवर बसलेली, तिला 'मरिये, जरा ऊठ, कांदा चीर' असं सरळ म्हणाली नाही. पाहुण्याकडं गेली आणि 'तुम्हाला काहीच वाटत नाही का, तिला सांगा' म्हणाली. तुमच्या-माझ्या घरात हे रोज होतं. नवऱ्याला बोलायचं ते मुलाला सांगतो, सुनेला बोलायचं ते भांड्यांना ऐकवतो.

योहानाच्या बाराव्या अध्यायात पुन्हा तेच घर आहे. तिथं तीन शब्द आहेत, 'मार्था वाढत होती'. पंगत मांडलेली, मरिया पुन्हा काम सोडून येशूच्या पायाशीच, आणि मार्थाच्या तोंडून एक अक्षर नाही. काम तेच. मधल्या काळात तिचा भाऊ मेला होता आणि परत मिळाला होता.

तरीही, खरोखर सगळं तुमच्याच गळ्यात पडत असेल तर पाळी लावा. आमच्याकडं भिंतीवर कागद आहे, कुणाची कणीक, कुणाची भाजी. तो लावल्यापासून निम्म्या रुसव्यांचा निकाल लागला. प्रार्थनेनं जे सुटलं नव्हतं ते एका कागदानं सुटलं, आणि तो कागद सुचला तोही प्रार्थनेतच, असं आमच्या चिटणीसबाई म्हणतात. असेल.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कारभारात चूक दिसली आणि बोललं, तर तिथले वडील लोक, म्हणजे पुढारी, म्हणतात 'कुरकुर करू नका, वचन आहे'. मग गप्प बसायचं?

अजिबात नाही. या प्रश्नावर मी जरा तापते, आधीच सांगते.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय सहा. यरुशलेमेतल्या मंडळीत रोज अन्नवाटप होत होतं आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवांना त्यात डावललं जात होतं. त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे तोच फिलिप्पैच्या 'कुरकुर न करता' मध्ये आहे. शब्द तोच! आता प्रेषितांनी काय केलं? 'वचन आहे, गप्प बसा' म्हणाले? नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं नेमली. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच माणसांच्या हातात कोठाराच्या किल्ल्या दिल्या.

म्हणून कुरकुर ऐकू आली तर तिच्यामागं एखादी उपाशी विधवा आहे का ते आधी बघावं. हे काम पुढाऱ्यांचं. बोलणाऱ्यांचं काम एवढंच की गेटाबाहेर चहाच्या गाड्यावर न बोलता मीटिंगमध्ये बोलावं, हिशोबाचं पान हातात घेऊन. अर्पणाचे पैसे कुठं गेले हे विचारणं पाप नाही. दुसऱ्या करिंथकरांच्या पत्रात, आठव्या अध्यायात, पौल स्वतः सांगतो की गोळा केलेल्या पैशावरून कुणी दोष देऊ नये म्हणून आपण काळजी घेतो आणि सोबत आणखी माणसं नेतो. पौलाला ऑडिटची लाज वाटली नाही.

नवरा मारतो. सहन करणं हाच माझा क्रूस आहे का?

नाही. तो क्रूस नाही, तो गुन्हा आहे. मार खाणं म्हणजे विश्वास नव्हे आणि पोलिसांत जाणं म्हणजे कुरकुर नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीचं असेल तर ११२. आधी सुरक्षित जागी जा. 'प्रार्थना कर आणि घरी जा' असं कुणी सांगितलं तर प्रार्थना करा आणि माझ्या घरी या.

मनच उदास असेल तर आभार कुठून आणायचे?

आणू नका. १ राजे, एकोणिसावा अध्याय. एलीया संदेष्टा रानात झुडुपाखाली बसून 'आता माझा जीव घे' म्हणतो. देव त्याला प्रवचन देत नाही, उपकारस्तुती म्हणायला लावत नाही. देवदूत येतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. बोलणं होतं ते नंतर, चाळीस दिवसांनी. उदास माणसाकडं जाताना भाकरी न्या, वचन खिशात असू द्या. आणि उदासी आठवडेच्या आठवडे हलत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. वानलेसांचं वर सांगितलंच आहे.

ज्यांचं मन बरं आहे पण जिभेला आभाराची सवय नाही, त्यांच्यासाठी हल्ली वहीत रोज पाच गोष्टी लिहा असं सांगतात. मी करून बघितलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या वहीत 'वीज होती' एवढंच लिहिलेलं होतं. त्यापेक्षा माणसाला जाऊन सांगणं बरं. लूकच्या सतराव्या अध्यायात येशूनं बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी घरी जाऊन मनात आभारी सगळेच झाले असतील. परत चालत आला तो एक, आणि तोही शोमरोनी, परका. आमच्या गल्लीत पहाटे पाणी सोडायला येणाऱ्या माणसाला मी वीस वर्षांत फक्त 'आज उशीर का' एवढंच विचारलं होतं. एकदा चहा दिला. तो इतका गोंधळला की कप घेऊन उभाच राहिला, आणि त्या दिवशी पाणी खरंच उशिरा सुटलं.

सेवा करताना डब्यात पत्रक, शुभवर्तमानाची प्रत ठेवायची का?

आमच्यात यावर मतभेद आहेत. माझं मत, नाही. भुकेल्या माणसाला नकार देता येत नसतो, अशा वेळी त्याच्या हातात कागद ठेवणं मला प्रशस्त वाटत नाही. कुणी आपण होऊन विचारलं, 'ताई, तुम्ही हे का करता?', तर मात्र लाजायचं नाही, येशूचं नाव घ्यायचं.

या बाबतीत मला रेव्हरंड नारायण वामन टिळक जवळचे वाटतात. १९१७ मध्ये ते मिशनची नोकरी सोडून आपल्या शेजारच्या साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले, त्यामुळं ते काम पुढं फार वाढलं नाही. पण पगार सोडून माणसं जोडायला निघालेला तो कवी साताऱ्याच्या रस्त्यानं चालला होता, हे कास बघायला जाताना माझ्या मनात येतंच. आणि लक्ष्मीबाई! त्यांनी १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःचा वेळ घेऊन. नवऱ्याच्या उधळ्या दातृत्वाबद्दल त्यांनी आठवणींत किती सांगितलंय, आणि ते वाचताना आपण हसतोच. कडूपणा नसला की तक्रारीचंही असं होतं.

मुलांना हे कसं शिकवायचं?

शिकवू नका, त्यांच्यासमोर करा. सुगीच्या सणाला चर्चमध्ये भोपळे, ऊस, हळद, कोंबड्या, अंडी असं सगळं येतं आणि उपासनेनंतर लिलाव होतो. एका वर्षी संडे स्कूलमधल्या एका पोरानं स्वतः डब्यात लावलेली मेथी आणली होती, जेमतेम सात काड्या. लिलाव करणाऱ्या काकांनी ती कोंबडीइतक्याच गंभीरपणे उचलून धरली. बोली पाच रुपयांवरून निघाली आणि एका निवृत्त मास्तरांनी दोनशे एकला घेतली. पोरगं दिवसभर मास्तरांच्या मागं फिरत होतं, 'भाजी केली का?' विचारत. मास्तर एकटे राहतात, त्यांना मेथी निवडता येत नाही. शेवटी पोराच्या आईनं त्यांना जेवायलाच बोलावलं.

मला गुरुवारी यायचं आहे. काय आणू?

सकाळी सातला या. कणीक आणि तेल असतं. लाटणं स्वतःचं आणा, मंडळाची दोन लाटणी वाकडी आहेत आणि पोळीचा नकाशा होतो. याबद्दल मी वर्षभर सगळ्यांना ऐकवत होते. परवा चिटणीसबाई म्हणाल्या, "बाई, पत्ता काय या बोलण्याचा?" आता शनिवारी मार्केटात जाणार आहे.